कोरा रकाना

सकाळी साडेआठची वेळ म्हणजे घराघरांतून काय असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर चहा, ह्यांचा रुमाल सापडत नसतो, आणि मला दहाच्या आत शाळा गाठायची असते. दहा वर्षांपूर्वी अशाच ऐन धांदलीत आमच्या दारात एक पोलीस येऊन उभा राहिला. खाकी कपडे, काखेत छडी, हातात घडी घातलेला कागद.

"घरमालकीण कोन हाये? वारंट हाये!" तो गरजला.

मी नवीनच लग्न होऊन सौंदडला आलेली. माझ्या हातातलं उलथनं गळून पडलं. सासूबाई मात्र पदरानं तोंड झाकून हसत होत्या. पोलीस कागद वाचू लागला, "सौंदडच्या सूनबाईनं भाजीत मीठ जास्त टाकलं, सबब सुपभर तांदूळ दंड!" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. बहुरूपी होता तो!

त्याच्या मागं आठ-नऊ वर्षांची एक पोर उभी होती. केस पिंजारलेले, डोळे मोठे तरतरीत. ती बापाच्या हातातल्या कागदाकडे मान वाकडी करून पाहात होती. एकदम म्हणाली, "बाबा, यात वारंट नाही लिवलं. 'खत' लिवलं हाये."

खरंच, तो खताच्या दुकानाचा जाहिरातीचा कागद होता. शाळेचं तोंड न पाहिलेली ही पोर दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं ओळखायला शिकली होती. तिचं खरं नाव मी लिहीत नाही. आपण तिला चिमणी म्हणू.

मैत्रिणींनो, त्या चिमणीची आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीची ही गोष्ट आहे. चूक सांगायला लाज वाटते, पण सांगितली नाही तर ती दुसरीकडे कुणाच्या तरी हातून पुन्हा होईल.

मी गावातल्या एका शाळेत तासांवर मराठी शिकवते. बी.ए. झाले, लग्न झालं, पुढचं शिक्षण राहिलं. घर सांभाळून चार तास मुलांत जातात, तेवढंच समाधान. चिमणीच्या बापाला मी त्या दिवशी तांदळाबरोबर एक अटही घातली. पोरीला शाळेत घाल, तरच पुढच्या खेपेला दंड मिळेल. तो हसला. पण आठवडाभरानं रेल्वेलाइनच्या बाजूच्या पालातून नवराबायको दोघंही पोरीला घेऊन शाळेत हजर झाले.

शाळेनं कागद मागितला नाही. मागताही येत नाही. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आहे, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला शाळेनं परत पाठवायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सहा ते चौदा वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. चिमणीच्या आईला जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "पोळ्याच्या आधी झाली जी, पानी लई होता." मग अशा मुलांची लिहितात तीच तारीख पडली, १ जून. आमच्या शाळेच्या रजिस्टरात १ जूनला जन्मलेली मुलं इतकी आहेत, की त्या दिवशी सारा गाव बाळंत झाला होता की काय असं वाटावं!

माझं अक्षर बरं म्हणून हेडमास्तरांनी नोंद मला लिहायला दिली. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. मग आला जातीचा रकाना. माझी लेखणी थांबली. कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धांतून जातिनिर्मूलनावर तावातावानं बोललेली मी. मनात आलं, या कोवळ्या जिवाला हे लेबल आपण कशाला चिकटवायचं? पुढं मागं पाहू. आणि तो रकाना मी कोरा ठेवला. वर त्या दिवशी घरी येऊन ह्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलंसुद्धा!

चिमणी शिकली. आई-बाप पाल उचलून दुसऱ्या गावांना निघाले, की ती पालातल्या म्हातारीबरोबर मागं राहायची. शाळा तिनं चुकवली नाही. तिच्या नावापुढची हजेरी मी कितीतरी वर्षं स्वतःच्या हातानं मांडली आहे. पालात वीज नव्हती. कुणाचा तरी बिघडलेला सौर कंदील तिनं खोलून दुरुस्त केला, तेव्हापासून 'मला विजेचं शिकायचं' हा तिचा ध्यास. २०२४ च्या मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. चिमणीला ७१ टक्के! गोंदियाच्या शासकीय तंत्रनिकेतनातला विजेचा डिप्लोमा तिनं मनाशी पक्का केला होता.

आणि जुलैत ती बातमी आली. तुम्हीही वाचली असेल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. त्याआधी ही सवलत निम्मी होती. भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी फी-माफीची योजना तर आधीपासूनच होती. आमच्या गल्लीत ज्यांना ज्यांना मुली आहेत त्यांच्या घरी आनंदीआनंद. मीही पेढे घेऊन पालावर गेले. म्हटलं, "चिमणे, आता फीची काळजी नाही गं!"

ती पेढा हातात धरून राहिली. म्हणाली, "बाई, पण माफी मागायला कागद लागतो ना? आमच्याजवळ कोनता कागद हाये?"

मी म्हटलं, आधार कार्ड आहे की. सेवा केंद्रावर गेलो तेव्हा कळलं. आधार म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात एवढीच ओळख. त्यावरून जात ठरत नाही. फी माफ करून घ्यायची तर उत्पन्नाचा दाखला हवा आणि जातीचा दाखला हवा. जातीच्या दाखल्यासाठी शाळेच्या रजिस्टरातला उतारा हवा, वडिलांचा हवा, आजोबांचा हवा. भटक्या जमातीचं कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहात होतं, याचा पुरावा हवा. ओबीसींना हीच तारीख १३ ऑक्टोबर १९६७ ची, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० ची. गावात घर, सातबारा, शाळा असलेल्यांनाही हा पुरावा काढताना घाम फुटतो. मग ज्यांचं घर गाढवाच्या पाठीवर, त्यांनी १९६१ चं काय दाखवायचं?

आणि खुद्द चिमणीचा शाळेचा उतारा आला तो कसा? जातीचा रकाना कोरा. माझ्याच वळणदार अक्षरांच्या ओळीत ती एक जागा पांढरीफटक.

केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, इथं लिहिलेलं असतं तर निदान सुरुवात झाली असती." तो सहज बोलला, पण ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. रात्री जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं तेव्हा रडूच आलं. माझ्या स्वतःच्या माहेरच्या पेटीत वडिलांचा, आजोबांचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आहे. जात लिहू नये असं मला वाटू शकलं, कारण माझे सगळे कागद जागच्या जागी होते!

त्या वर्षी खुल्या यादीत विजेच्या शाखेला चिमणीचा नंबर लागला नाही. फी मी भरते, दुसरी कुठली शाखा घे, असंही सुचवून पाहिलं. तिचा बाप म्हणाला, "एका सालाची भराल बाई, मंग? हिच्या मागं दोन पोरं हायेत. त्यांची कोन भरन?" त्याचं खरं होतं. एकीची फी कुणी भरून प्रश्न सुटत नव्हता, घराला कागद हवा होता. चिमणी आईबरोबर सुया-पोत विकत गावोगाव हिंडू लागली. माझ्या दारावरून जाताना मात्र मान खाली घालून जायची, जणू चूक तिचीच होती.

त्याच सुमारास माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती कॅलिफोर्नियात असते. रविवारी आमच्या गप्पा होतात. मी हे सारं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे तर देशात राहायचाच कागद नसलेली मुलं कॉलेजात शिकतात." मला खरं वाटेना. मग तिनं समजावून सांगितलं. तिकडे मेक्सिको वगैरे देशांतून आईबापांबरोबर लहानपणी आलेली हजारो मुलं अशी आहेत. त्यांना शाळेत घ्यायचं की नाही, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये निकाल दिला, की सरकारी शाळेचं दार त्यांना बंद करता येणार नाही. पण तो निकाल शाळेपुरता. कॉलेजात परक्या विद्यार्थ्याची जबर फी. मग कॅलिफोर्नियानं २००१ मध्ये कायदा केला. जो मुलगा तिथल्या हायस्कुलात तीन वर्षं शिकला आणि पास झाला, त्याच्याकडून स्थानिक विद्यार्थ्याचीच फी घ्यायची. कागद नसेल तर, मिळण्याजोगा झाला की रीतसर अर्ज करीन, एवढं प्रतिज्ञापत्र त्यानं द्यायचं. २०११ मध्ये आणखी कायदे झाले आणि अशा मुलांना राज्याची आर्थिक मदतही खुली झाली. गावोगावची जी दोन वर्षांची सार्वजनिक कॉलेजं असतात, तिथं गरिबांच्या मुलांना फी माफ होते, त्यात हीही मुलं येतात.

सगळीकडे असं नाही बरं का. टेक्सास राज्यानंही २००१ मध्येच अशी सवलत दिली होती, ती जून २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशानं गेली. दिलेलं परतही घेतलं जातं, हे तिथल्या मुलांनी पाहिलं.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती 'तीन वर्षं शाळेत शिकला' ही गोष्ट. तिथं निदान एका राज्यानं मुलाला विचारलं, तू आमच्या शाळेत किती वर्षं बसलास? चिमणी तर आमच्या शाळेत आठ वर्षं बसली. तिसरीपासून दहावीपर्यंतची तिची हजेरी कपाटात आहे. ती परक्या देशातून आलेली नाही. तिचे आजे-पणजे याच धानाच्या बांधांवरून चालत गेले. तरी तिच्या आठ वर्षांना कुणी विचारत नव्हतं. विचारत होते तिच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या एका तारखेला.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातच, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी आपल्या ओळखीचे असतात. ते परदेशी म्हणून नोंदलेले आहेत, ठरलेल्या मुदतीनं ते कागदाचं नूतनीकरण करतात. त्यांचीही दुःखं आहेतच. पण निदान परके असल्याचा तरी कागद त्यांच्याजवळ आहे. आणि इथल्याच मातीत जन्मून मेलेल्या या माणसांजवळ इथले असल्याचा कागद नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या, तेव्हा त्यांची पोलिसात हजेरी लावायला सरकारजवळ वह्या होत्या. तो कायदा जाऊन ३१ ऑगस्ट १९५२ पासून त्या जमाती विमुक्त झाल्या. हजेरीच्या वह्या मिटल्या, पण दाखल्याच्या वह्या काही उघडल्या नाहीत.

वाट सापडली ती आमच्या घरातच. एक दिवस मी सासूबाईंच्या पायाला तेल लावत होते आणि हेच रडगाणं गात होते. त्या पंचाहत्तरीच्या. म्हणाल्या, "अवं, या बहुरूप्यायची गावं ठरलेली राहतात. हिचा पणजा माझ्या माहेरी येत होता. आमच्याकडं मंडई भरली का त्याचं सोंग पाह्याले सारा गाव लोटायचा."

मी हातातलं तेल ठेवलं. "आई, कोणत्या साली?"

"साल कोन ध्यानात ठेवते? पन महाराष्ट्र झाला म्हणून शाळेत पेढे वाटले ना, त्या सालची मंडई. त्यायचा एक पोरगा तर माझ्याच वर्गात बसत होता. पाल उठलं, आन् तो बी गेला."

महाराष्ट्र झाला १ मे १९६०. म्हणजे ही १९६० च्या दिवाळीनंतरची मंडई! तिथल्या कागदाची तारीख १९६१ च्या आधीची असणार!

सासूबाईंचं माहेर साकोली तालुक्यात. तेव्हा आमचा गोंदिया जिल्हा नव्हताच, तो १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. जुनं जे काही असेल ते भंडाऱ्याच्या बाजूला. ह्यांनी एक दिवस रजा काढली. सासूबाई गुडघेदुखी विसरून पुढच्या सीटवर बसल्या. चिमणीचा बापही आला, त्या दिवशी साध्या कपड्यात. सासूबाईंच्या माहेरच्या शाळेत जुनं दाखल-खारीज रजिस्टर होतं. पानं पिवळी पडलेली, कडांना वाळवी लागलेली. तिथल्या गुरुजींनी एकेक पान जपून उलटलं. जुलै १९६०, इयत्ता पहिली. सापडलं! चिमणीच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव, बापाचं नाव, आणि पुढच्या रकान्यात काळ्या शाईनं स्वच्छ लिहिलेलं 'बहुरूपी'. शेरा होता, 'गाव सोडून गेला.'

पाच-सहा महिने शाळेत बसून गेलेल्या त्या पोरानं पासष्ट वर्षांनी आपल्या नातीचं दार उघडलं. आणि ते नाव लिहिणारे कोण कुठले मास्तर, त्यांनी पालातल्या पोराचा रकाना कोरा ठेवला नव्हता. मी त्या पानाला हात लावला तेव्हा माझे डोळे भरून आले. सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काऊन? झेरॉक्स काढ आधी!"

पुढं सोपं झालं असं नाही. वंशावळ लिहिली, प्रतिज्ञापत्रं झाली, गृहचौकशी झाली. सासूबाईंनी पंच म्हणून जबाब दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आठवणीला कुणी सरकारी कागदावर उतरवून घेतलं. सही करताना त्यांनी तीनदा पदर सावरला. कितीतरी खेपा झाल्या, पण अखेर भटक्या जमातीचा दाखला चिमणीच्या हाती आला. २०२५ च्या प्रवेशात तिचा गोंदियाच्या तंत्रनिकेतनात नंबर लागला. विजेचीच शाखा, फी माफ. पडताळणी समितीकडे वैधतेसाठी दिलेल्या अर्जाची पावती ती पुस्तकापेक्षा जपून ठेवते. वैधता हाती येईपर्यंत तिच्या आणि माझ्या जिवात जीव नाही. एक वर्ष गेलं ते गेलंच. ते वर्ष माझ्या कोऱ्या रकान्यानं खाल्लं, असं मी म्हणते. चिमणी म्हणते, "बाई, तुम्हीच तर शाळेत घातलं." तिच्या या बोलण्यानं मला बरंही वाटतं आणि वाईटही.

मैत्रिणींनो, आपण लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो, धान्याला कडुनिंबाचा पाला लावतो. तशीच एक पेटी कागदांची करा. बाळ जन्मलं की एकवीस दिवसांच्या आत नोंद करा, ती मोफत होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. मुलाला शाळेत घालताना रजिस्टरातली नोंद स्वतः वाचून पाहा. नाव, तारीख, जात, काही चुकलं असेल तर मूल शाळेत आहे तोवर दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर ते फार अवघड होऊन बसतं. आणि लग्न होऊन सासरी आलेल्या आपण, आपला जातीचा दाखला माहेरच्या, वडिलांकडच्या कागदांवर निघतो हे विसरू नका. रुखवतात भांडी येतात, शालू येतो, पण वडिलांच्या शाळेचा उतारा आणायचं कुणाला सुचत नाही.

हे झालं आपल्या घरचं. पण तुमच्या दारावरून सुया-पोत विकणारी, मधाची बाटली घेऊन फिरणारी, सोंग आणणारी जी बाई जाते, तिला एकदा विचारा, पोरगी शाळेत आहे का? आहे तर रजिस्टरात काय लिहिलंय? तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा, यांचे वाडवडील तुम्हाला आठवतात का? ती आठवण कुणाचा तरी पुरावा असेल. सरकारनं फी माफ केली, ते फार चांगलं केलं. पण फी माफ झालेल्या दारात कागदाचा उंबरा आहे, आणि तो काहींना कमरेएवढा उंच पडतो. मुलीनं शाळेत काढलेली वर्षंसुद्धा कधीतरी तिच्या बाजूनं मोजली जावीत, असं मला एक शिक्षिका म्हणून फार वाटतं.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पालावरची दोन नवी मुलं आली. नोंद मीच लिहिली. जातीच्या रकान्यापाशी आले तेव्हा लेखणी थांबवली, त्यांच्या आईला विचारलं, तिनं सांगितलं ते लिहिलं, आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. मग मी पुढच्या रकान्याकडे वळले.